पाठवाऱ्याचं शीड

हसुराम तांडेल सारसोळ्याहून आले,
स्कूटरवर पायाशी कोंबलेलं गाठोडं,
नारिंगी-पांढरं, खाडीच्या कुबट वासाचं.
"कुंदाताई, शीड उसवलंय.
पडदा समजून शिवू नका."

मी पडदेच शिवते. नेरूळ, सेक्टर सहा.
खिडकीची रुंदी गुणिले दोन, वर चुण्या, खाली चार बोटं दुमड.
कापड सपाट असतं, ह्या भरवशावर सगळा धंदा.
हे मात्र फरशीवर पसरेना.
इकडे दाबलं की तिकडे फुगायचं,
जणू पोट आहे त्याला आणि ते झोपेत कूस बदलतंय.
गुडघे टेकून, चष्मा कपाळावर, टिपेवरून बोट फिरवत गेले
तेव्हा उजेड पडला: ही तर कटोरी!
सहा कळ्या, प्रत्येक कळीला बाक.
ब्लाउज बाईच्या मापानं बेततात, हे वाऱ्याच्या.
त्याचं माप कोणी घेतलं, श्वास सोडलेला असताना की घेतलेला?

हसुरामनी माझ्याच खडूनं टेबलावर काढून दाखवलं.
नेहमीचं शीड म्हणजे सुरी, वारा कापत तिरकं तिरकं वर जातं.
हे ओंजळ.
"क्लबात स्पिनेकर म्हणतात, आमी फुगा.
मागून येल तेवरा धरायचा, बस."

शनिवारी चार वाजता मला होडीत बसवलं,
शिवणीची हमी म्हणून.
वारा वाशीच्या पुलाकडून. फुगा वर गेला,
एकदा लोंबला, मग धप्पकन भरला.
मी खाडी पाहिलीच नाही. तिसरी टीप पाहत होते.
धरली.

आणि मग वारा गेला.
पदर मांडीवर गप्प. कपाळावर घाम.
"थांबलो का आपण?"
हसुरामनी हनुवटीनं काठ दाखवला:
तिवरं मागे पळत होती, ट्रॉम्बेच्या चिमण्यासुद्धा.
"पाठचा वारा अंगाला लागत नाय, ताई.
आपूनच त्याच्यासंगती चाललोय."

बावीस वर्षं दुकान चाललं.
मला वाटायचं, माझ्या पायांवर, ह्या पायट्यावर.
आख्खं शहर नवं होतं तेव्हा,
रोज एक इमारत, इमारतीला शंभर खिडक्या,
सगळ्या उघड्या, सगळ्यांना समोरच्यांची लाज.

त्यांचा पुतण्या प्रज्योत दामण हातात धरून
फुग्याच्या कडेवर डोळा लावून होता.
कड गुंडाळायला लागली की ओढ,
शांत झाली की सोड, पुन्हा गुंडाळेपर्यंत.
माझ्या वरच्या दोऱ्याचा ताण मी असाच लावते,
जरा बिघडू देऊन.

"डोकं!"
वारा पाठीमागच्या पाठीमागे कूस बदलून गेला होता.
मोठ्या शिडाची आडवी काठी
माझ्या अंबाड्यावरून सूं करून पलीकडे गेली,
होडी कलली, प्रज्योत पांढरा पडला.
हसुराम हसले, पण उशिरा.

करावे दिसल्यावर फुगा उतरवला,
पिशवीत कोंबला, होडी वळवली.
आणि तोच वारा, तोच,
थोबाडीत बसल्यासारखा आला.
पाणी तोंडावर, पदर गळ्याभोवती, दात वाजायला लागले.
वीस मिनिटांत गेलो होतो तिथून परतायला
दीड तास, एकदा ह्या काठाला, एकदा त्या.

बिलाच्या पुस्तकात छापलेलं असतं:
पडदा, खोळ, अस्तर, इतर.
"इतर"समोर सहा टिपा लिहिल्या.
पोटाचे पैसे लावले नाहीत.

सोमवारी पंखा पाठीमागे होता, कायमचा तिथेच.
उठले, समोर आणून ठेवला.
खडूची भुकटी डोळ्यांत, कापड उडून मशीनवर,
टीप वाकडी.
परत मागे ठेवला.
आता मधूनमधून मान वळवून बघते,
फिरतोय ना.